खालच्या पट्ट्यातली ओली माती

१

वहिनींनी खणलेल्या खड्ड्यात काहीच नव्हतं, आणि भानगड नेमकी तीच होती.

तिथे मातीतला ओलावा मोजणारं यंत्र असायला हवं होतं. जाडजूड पेनाएवढं, खाली दोन टोकदार पाय असलेलं, वीतभर खोल पुरलेलं. वरची खुणेची पिवळी खुंटी जागच्या जागी उभी होती. खाली मात्र नुसती माती, आणि तीही कोरडी ठणठणीत. वहिनींनी ती मुठीत दाबून पाहिली. ढेकूळ काही वळेना, सगळी बोटांमधून गळून गेली. मग त्यांनी मोबाईल काढला. ॲपमध्ये त्यांच्या पट्ट्याचा चौकोन हिरवागार होता आणि खाली लिहिलं होतं: ‘माती ओली. पाणी नको.’

म्हणजे यंत्र जागेवर नव्हतं, पण बोलत होतं. आणि बोलत होतं ते धडधडीत खोटं.

हे असं चिडून खणण्याचं कारण होतं. पाणीवाटप संस्थेकडे एकच साठवण तलाव, आणि त्यावर दोन पट्टे, वरचा आणि खालचा. दुष्काळाची चाहूल लागली तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की भांडत बसण्यापेक्षा ॲपचं ऐकायचं. प्रत्येक पट्ट्यात एक यंत्र पुरायचं, ज्याची माती जास्त कोरडी त्याला पाण्याची पाळी. हंगामाच्या सुरुवातीला याच ॲपने पाऊस दगा देणार म्हणून सांगितलं होतं, आणि खालच्या पट्ट्यातल्या लोकांनी ते ऐकून जमीन पडीक ठेवली होती. बियाणं वाचलं, मजुरी वाचली, लोक खूश होते. पण झाडं काही पडीक ठेवता येत नाहीत. वहिनींची लिंबाची बाग ऐन उमेदीत होती. नवरा असताना दोघांनी मिळून लावलेली, आणि तो गेल्यावर एकटीने जगवलेली. सगळ्या खालच्या पट्ट्यात हिरवं असं तेवढंच होतं, आणि आता तेही पिवळं पडायला लागलं होतं.

तलावात एकाच पाळीचं पाणी उरलं होतं. ते कुणाला द्यायचं हे सुट्टीनंतरच्या सभेत ठरणार होतं. वहिनींना ते मिळालं नाही, तर बागेचं सरपण होणार होतं.

त्यांनी खड्डा तसाच ठेवला आणि अशा सगळ्या पाणी संस्थांवर देखरेख करणाऱ्या संघाला फोन लावला.

२

संघाने तपासनीस बाईंना पाठवलं. बाईंचा स्वभाव संशयी होता आणि नशीब असं की त्यांना त्याचाच पगार मिळत होता. दूधवाला ‘आज दूध चांगलं आहे’ म्हणाला, तर कालचं कसं होतं हे त्या विचारायच्या. घरची माणसं या स्वभावाला कंटाळली होती, संघ मात्र खूश होता.

सुट्टीच्या आदल्या दिवशी त्या संस्थेच्या कार्यालयात पोचल्या. लांबट खोली, भिंतीवर मोठा पडदा, त्यावर दोन चौकोन. वरचा पट्टा तांबूस, खालचा हिरवा. दाराशी पिण्याच्या पाण्याचं पिंप, पेले, आणि शेजारी सिमेंटच्या कुंडीत रुंद पानांचं एक झाड. झाड असं फोफावलं होतं की अर्धी खिडकी त्याने गिळली होती.

ॲप चालवणारी मुलगी पुढे आली. तिला सगळे सल्लेवाली म्हणत, आणि ती ते नाव आता फोनवरही सांगायची.

“पाणी पूर्ण देऊ की अर्धा पेला?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“इथे विचारूनच देतात. जेवढी तहान तेवढंच. तरी उरलंच तर कुंडीत ओता, टाकायचं नाही. हे झाड आम्ही सगळ्यांनी मिळून उष्ट्या पाण्यावर वाढवलंय.”

बाईंनी अर्धा पेला घेतला. तेवढ्यात बाकीची मंडळी आली. अध्यक्ष पुढे, वरच्या पट्ट्यातले बडे बागायतदार, काखेत घरची पाण्याची बाटली. त्यांच्यामागे पाटकरी, म्हणजे तलावाच्या दारांची किल्ली ज्याच्या कमरेला असते तो. शेवटी वहिनी आणि त्यांचा दीर. वहिनी त्याला भाऊजी म्हणत, म्हणून सगळा परिसरच त्याला भाऊजी म्हणे. भाऊजींचं शेतही खालच्या पट्ट्यात होतं, वहिनींच्या बांधाला लागून, यंदा पडीक. त्यांनी पेला भरून घेतला, घोटभर प्यायले, उरलेलं कुंडीत ओतलं आणि वहिनींसाठी खुर्ची ओढली. वहिनींनी अर्धाच पेला घेतला होता. त्यातलाही अर्धा त्यांनी झाडाला दिला.

“माझी झाडं तहानलेली,” त्या म्हणाल्या, “मला तरी कुठे घशाखाली उतरतंय.”

बाईंनी सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं. प्रत्येक जण दुसऱ्याकडे चोरून बघत होता.

“यंत्र कुणी काढलं, हे तुमच्यापैकी एकाला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांनी उगाच घाबरू नये. पण थोडं घाबरलेलं बरं.”

३

आधी अध्यक्षांना बोलावलं. ते बसायच्या आधीच तापले होते.

“पाणी माझ्या पट्ट्यात आलं म्हणून चोर मीच, असं ना? लोक मला पाण्यात बघतात हे मला आजच कळलं नाही.”

“तुमची बाग कशी आहे?”

“चांगली आहे. तो काय गुन्हा आहे?”

“नाही. इथलं पाणी का पीत नाही तुम्ही?”

अध्यक्ष क्षणभर गोंधळले. “पोट बिघडलं होतं मागे एकदा. तेव्हापासून बायको बाटली देते. तिला विचारा हवं तर.”

“विचारणार आहे,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खरंच विचारलं. उत्तर तेच मिळालं, वर नवऱ्याच्या पोटाची सविस्तर हकीकतही.

पाटकरी दुसरा. तो बोलायला सरळ होता, आणि बाईंना सरळ माणसांची जास्त धास्ती वाटायची.

“पूर्वी लोक माझ्या दारात यायचे,” तो म्हणाला. “दादा, आमच्याकडे कधी सोडता? आता मोबाईलला विचारतात. मी नुसता किल्ली फिरवणारा राहिलो. हे यंत्र तोंडावर आपटलं तर मला रडू येणार नाही.”

“मग तुम्हीच आपटलंत का?”

“आपटलं असतं तर चार लोकांसमोर आपटलं असतं, बाई. गुपचूप खोटं पाडून मला काय मिळणार? उलट आत्तापर्यंत सगळे म्हणत होते, बघा मशीन कसं बरोबर चाललंय.”

हे बाईंना पटलं. पटलेल्या गोष्टी त्या बाजूला ठेवत, पुन्हा तपासायला.

भाऊजी मात्र मदतीला अगदी तत्पर. वहिनींना प्रत्येक तक्रारीच्या वेळी मोटरसायकलवर बसवून त्यांनीच आणलं होतं. सभेत आवाजही त्यांनीच उठवला होता.

“नाव घेऊन सांगतो,” त्यांनी आवाज खाली आणला, “हे अध्यक्षांचंच काम. सरळ हिशोब आहे. कुणाकडे पाणी गेलं ते बघा.”

“तुमचं काय नुकसान झालं?”

“माझं शेत पडीक. माझं काय व्हायचंय? मला वहिनींचं वाईट वाटतं. एकट्या बाईने किती ओढायचं? भाऊ असता तर गोष्ट वेगळी. कधी ना कधी टेकणारच त्या.”

“खोटं शोधून काढायला तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? मी आपला सांभाळतोय त्यांना.”

बाईंनी मान डोलावली. कुठेतरी पाणी मुरत होतं एवढं नक्की, पण कुठे, त्याचा थांग लागत नव्हता. शेवटी उरली सल्लेवाली. ती दारात उभी राहूनच रडायला लागली.

“मला सांगायला हवं होतं,” ती म्हणाली. “मला आधीपासूनच माहीत होतं.”

४

तिला बसतं करून, डोळे पुसायला लावून, बाईंनी विचारलं, “काय माहीत होतं?”

“यंत्राचं काहीतरी बिनसलंय ते. ते ओलावा मोजतं तसं मातीचं तापमानही मोजतं. हे बघा.” तिने पडद्यावर दोन रेषा काढल्या. “वरच्या पट्ट्याची रेघ दुपारी चढते, पहाटे उतरते. उन्हातल्या मातीचं असंच असतं. आणि ही खालच्या पट्ट्याची. आधी तशीच होती. मग इथून पुढे जवळजवळ सपाट.”

“आणि तू गप्प बसलीस.”

“यंत्र बिघडलं असं मी म्हटलं असतं तर लोकांनी ॲपच बंद केलं असतं. अर्धी मंडळी टपूनच बसलीत. याच ॲपने पेरणी थांबवून किती जणांना वाचवलं ते कोण लक्षात ठेवतंय? मला वाटलं, नवीन यंत्र येईपर्यंत चालवून घेऊ.” तिने नाक पुसलं. “वहिनींची झाडं इतकी वाळलीत हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.”

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. ही मुलगी खुर्चीत बसल्या बसल्या कुठलाही आकडा बदलू शकत होती. तिला चोरी करायची असती, तर शेतात जाऊन हात मातीत कशाला घातले असते? आणि चोरी करून मग ही रेघ स्वतःहून का दाखवली असती? बाईंनी मनातल्या यादीतून तिला वगळलं, पण तसं तिला सांगितलं नाही. थोडं रडू दे, पुढच्या वेळी बोलेल.

“यंत्र बिघडलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “ते सावलीत आहे. घरात, चार भिंतींत. आता ओलाव्याची रेघ दाखव.”

सल्लेवालीने ती काढली. बाई पडद्याजवळ गेल्या. रेघ रोज थोडी थोडी चढत होती, मग एक दिवस घसरत होती, मग पुन्हा चढत होती. मधूनच एखाद्या दिवशी एकदम उंच उडी.

“ही घसरते तो वार कुठला?”

सल्लेवालीने मोजलं. “सुट्टीचा.”

“आणि ही उडी?”

तिने तारखा ताडून पाहिल्या. “त्या दिवशी सभा होती. ही पण सभा. ही पण.”

“मातीला साप्ताहिक सुट्टी कधीपासून लागायला लागली?” बाई म्हणाल्या.

खोलीत दोघीच होत्या. दोघींनी एकाच वेळी दाराकडे पाहिलं. बाई उठल्या, कुंडीजवळ गेल्या आणि त्या रुंद पानांखाली मातीत बोट खुपसलं. बोटाला काहीतरी टणक लागलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. सगळे जण खालच्या पट्ट्याच्या नावाने ज्याच्याभोवती भांडत होते, ते यंत्र त्यांच्या पायाशी बसून रोज पाणी पीत होतं.

“बाहेर काढू?” सल्लेवालीने कुजबुजत विचारलं.

“हात लावू नकोस,” बाई म्हणाल्या. “यंत्र सापडलं. माणूस अजून सापडायचाय.”

५

सुट्टी मध्ये गेली. कार्यालय बंद होतं, झाडाला कुणी पाणी घातलं नाही. सभेच्या दुपारी लोक जमले तेव्हा कुंडीवर एक पाटी लटकत होती: ‘मुळं कुजत आहेत. पाणी घालू नये.’ शेजारी बादली ठेवली होती, उरलेलं पाणी ओतायला. लोकांनी पाटी वाचली, चुकचुकले, आणि बादलीत ओतायला लागले. इथल्या माणसाला पाण्याची शिस्त दोनदा सांगावी लागत नाही.

पडद्यावर खालच्या पट्ट्याचा चौकोन हिरव्यावरून पिवळट झाला होता. आणखी थोडा उतरला असता, तर पाळी खाली गेली असती.

“बघा,” पाटकरी म्हणाला, “मशीनला पण आता तहान लागली वाटतं.”

बाई उभ्या राहिल्या. “खड्डा रिकामा होता हे खरं,” त्या म्हणाल्या. “पण यंत्र कुठेतरी चालू आहे, आणि संस्थेचा नियम बदलायचा अधिकार मला नाही. चर्चा संपेल तेव्हा पडद्यावर जे दिसेल, त्यावर पाणी सोडायचं.”

यावर व्हायचा तो गोंधळ झाला. वहिनींनी पदरात बांधून आणलेली बागेतली कोरडी माती मुठीत घेऊन वर धरली. अध्यक्ष म्हणाले हे योग्य आहे, मग सगळे आपल्याकडे बघतात असं दिसल्यावर म्हणाले की अयोग्यही असू शकेल. भाऊजींनी सगळ्यात मोठा आवाज काढला. हा अन्याय आहे, वहिनींनी कुठे जायचं, वगैरे. बोलून बोलून घसा कोरडा पडला म्हणून ते पिंपाकडे गेले.

सल्लेवालीने वरच्या पट्ट्याचा जुना नकाशा पडद्यावर लावला आणि समजावू लागली. सगळ्या माना तिकडे वळल्या. बाई तेवढ्या वळल्या नाहीत.

नकाशा गेला, चौकोन परत आले. खालचा पट्टा पुन्हा हिरवागार झाला होता.

लोक पडद्याकडे बोटं दाखवायला लागले.

“आत्ता कुठे पाऊस पडला का?” बाईंनी विचारलं.

६

त्या कुंडीकडे गेल्या, मातीत हात घातला आणि यंत्र उपटून वर धरलं. त्याच्या दोन पायांवरून चिखल ओघळला. पडद्यावरचा चौकोन क्षणात लालभडक झाला.

“हा तुमचा खालचा पट्टा,” बाई म्हणाल्या. “तुम्ही सगळ्यांनी मिळून याला पाणी घातलंत, अगदी प्रेमाने. ज्याने हे इथे खोचलं त्याला स्वतः फारसं काही करावंच लागलं नाही. शिस्त तुमची, फायदा त्याचा.”

काही जणांनी आपल्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं.

“अध्यक्ष इथलं पाणी पीत नाहीत, त्यांची बाटली बूच लावून काखेत असते. पाटकऱ्याला यंत्र खोटं ठरवायचं असतं, तर तो ते लपवून कशाला ठेवेल? या मुलीला आकडा बदलायला बोट पुरलं असतं. उरला तो माणूस, जो वहिनींच्या शेतात कधीही गेला तरी कुणी विचारत नाही.” बाई वळल्या. “भाऊजी, परवा मी आले तेव्हा तुम्ही पेला भरून घेतलात आणि घोटभर प्यायलात. इथे तहानेपेक्षा जास्त पाणी कुणी घेत नाही, पोरंसुद्धा घेत नाहीत. तेव्हाच मला खटकलं होतं. आज पाटी होती, बादली होती, तरी तुम्ही पेला भरलात. सगळे पडद्याकडे बघत होते, मी तुमच्याकडे बघत होते. आज तो अख्खा पेला कुंडीत गेला.”

भाऊजींनी आधी हसायचा प्रयत्न केला. मग चवताळून अध्यक्षांकडे बोट दाखवलं. मग बोट खाली आलं. रिकामा पेला अजून त्यांच्या हातातच होता, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना.

“मी वाईटासाठी नाही केलं,” ते म्हणाले. “बाग जळाली असती तर वहिनींनी सोडलं असतं ते शेत. एकत्र झाली असती जमीन, भाऊ होता तशी. त्या आमच्याकडे राहायला आल्या असत्या. पोरं सारखी विचारतात, काकू कधी येणार. एकटीने तिकडे राबून राबून मरायच्या त्या. भल्यासाठीच केलं मी.”

“भल्यासाठी करायचं ते माणूस सांगून करतो,” बाई म्हणाल्या. “चोरून करतो ते स्वतःसाठी.”

अध्यक्षांना आता कंठ फुटला. पोलिसात देऊ, सभासदत्व रद्द करू, असं बरंच काही. त्यांचं कुणी ऐकत नव्हतं, कारण सगळे वहिनींकडे बघत होते. वहिनी उठून कुंडीपाशी आल्या होत्या. त्यांनी त्या दिमाखदार झाडाचं एक पान हातात धरलं.

“मी दर वेळी तक्रार करायला यायचे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आणि दर वेळी याला पाणी घालून जायचे. माझ्या झाडांना नाही मिळत, निदान याला तरी मिळू दे म्हणून. घोट घोट वाचवून घालायचे मी.”

तपासनीस बाईंना आयुष्यात फार थोड्या वेळा आपलं काम नकोसं वाटलं होतं. आज वाटलं. गुन्हा उलगडला की माणसं सुटल्यासारखी होतात असा त्यांचा अनुभव होता, पण इथे कुणीच सुटलं नव्हतं.

सल्लेवालीने डोळे पुसले आणि वहिनींनी बागेतून आणलेल्या मूठभर मातीत यंत्र खोचून खरा आकडा सगळ्यांना दाखवला. हरकत कुणीच घेतली नाही. पाणी खाली सोडायचं ठरलं. अध्यक्षांनी सगळ्यात आधी हात वर केला, आणि तो बराच वेळ वरच ठेवला.

पाटकऱ्याने कमरेची किल्ली काढली. “चला वहिनी,” तो म्हणाला. “पाणी पोचायला वेळ लागेल, पण पोचेल.”

वहिनी निघाल्या. दारापाशी, भाऊजींसमोर, थांबल्या. त्या शिव्या देतील असं सगळ्यांना वाटलं. भाऊजींनाही तसंच वाटलं असावं, कारण ते मान खाली घालून तयारच होते.

“इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणालात का, वहिनी, घरी या?” वहिनींनी विचारलं. “हे गेल्यापासून रोज रात्री एकटी जेवतेय मी. बोलावलं असतंत तर आले असते, भाऊजी. जमिनीसकट आले असते.”

भाऊजींनी वर पाहिलं.

“आता नाही येणार,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला. पाणी यायच्या आत झाडांची आळी नीट करायला हवी होती, आणि मदतीला कुणी नव्हतं. त्या पाटकऱ्याच्या मागोमाग भराभर चालत गेल्या.